मिनिटाला तीन ठिणग्या

मनीताईला नोकरी लागली ती डोळ्यांमुळे. असं म्हटलं की ऐकणारे गालातल्या गालात हसतात. हसू नका. डोळे काही सुंदर-बिंदर नव्हते. बारीक, तपकिरी आणि उन्हात सारखे मिचमिचणारे. पण तिचे वडील घड्याळजी होते, आणि त्यांच्या टेबलाखाली पडलेला मोहरीच्या निम्म्या आकाराचा स्क्रू शोधून द्यायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. आई म्हणायची, ही पोरगी जमिनीकडे बघत मोठी होणार, हिला नवरा दिसणार कधी? तसा एक दिसला होता. पण ही जवळून बघणारी, त्यामुळे राहून गेलं.

वडील गेले, दुकान गेलं, आणि मनीताई धाकट्या भावाच्या दोन खोल्यांत राहायला आली. भाऊ पुस्तकांची बांधणी करायचा. घरात पाऊल ठेवलं की खळीचा आंबूस वास यायचा, आणि जेवणाच्या टेबलावर अर्धं टेबल पुठ्ठ्यांचं. वहिनी तोंडाची फटकळ पण हाताची सढळ. तिने नणंदेला खाटेची भिंतीकडची बाजू दिली आणि वर सांगितलं, "वन्सं, रात्री कूस बदलायची तर आधी कळवत जा."

आता ही नोकरी काय होती ते सांगते. गावाच्या वरच्या अंगाला एक संस्था होती, तीन मजली, दगडी, दारावर पितळी पाटी. तिथे अणू फोडायचे. हातोड्याने नव्हे. रेडियमच्या कणभर तुकड्यातून जे कण सुसाट बाहेर पडतात, ते दुसऱ्या पदार्थावर आपटायचे आणि त्यातून काही तुटून उडतं का ते बघायचं. बघायचं कसं? एका काचेवर जस्त आणि गंधकाची खास पूड लावून पडदा करायचा. त्यावर कण आपटला की टाचणीच्या टोकाएवढी ठिणगी चमकते आणि विझते. एवढी फिकट, की सूक्ष्मदर्शकातून बघावी लागते, आणि तीही गडद अंधारात. शास्त्रज्ञ लोक मोठमोठे ग्रंथ वाचून वाचून डोळे घालवून बसलेले. त्यांना डोळे हवे होते. मग त्यांनी बायका ठेवल्या.

परीक्षा अशी होती की अर्धा तास अंधारात बसवायचं आणि मग विचारायचं, काय दिसतं? बारा जणी आल्या. एकीला काहीच दिसलं नाही, एकीला मेलेली सासू दिसली, आणि मनीताईने सांगितलं, "डाव्या कोपऱ्यात पडद्याला ओरखडा आहे. तिथली पूड गेलीय." दिवा लावून बघितलं, तर होता. अंधारात दिसतं म्हणून ही मनी, म्हणजे मांजर. आणि निवडलेल्या तिघींत वयाने मोठी म्हणून मागे ताई. महिन्याभरात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक राहिलं.

दुसरी होती भिंगरी. विशीतली, गोल चेहऱ्याची, एका जागी बसणं म्हणजे शिक्षा वाटणारी. आणि नोकरी नेमकी एका जागी बसायची. तिसरी दोन आठवड्यांत लग्न करून गेली, तेव्हा तिला आपणही सोडून देऊ.

खोली तळघरात होती. भिंती काळ्या, दाराला दोन जाड पडदे, मधे एक लांब टेबल आणि दोन सूक्ष्मदर्शक. हातात एक बटण. ठिणगी दिसली की बटण दाबायचं, की पलीकडच्या खोलीत कागदाच्या पट्टीवर टिंब उठायचं. एक मिनिट मोजायचं, घंटी वाजली की एक मिनिट डोळे मिटायचे, परत एक मिनिट. तासाभराच्या वर नाही. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

"दिव्याखाली बसून डोळे फोडणाऱ्या बायका बघितल्या मी. अंधारात बसायचा पगार देणारे पहिल्यांदाच बघतेय. वन्सं, माझ्यासाठी पण विचारा हो. मी तर झोपून पण मोजेन."

पण मोजायच्या आधी तो अर्धा तास होता. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. त्या वेळात विणता येत नाही, वाचता येत नाही, नुसतं बसायचं. आणि दोन बायकांना अंधारात अर्धा तास नुसतं बसवलं तर काय होणार? इतकी खिदळाखिदळ व्हायची, की वरच्या मजल्यावरून तक्रार आली. मग संस्थेने एक तरुण अधिव्याख्याता त्यांच्यावर नेमला. पट्टीवरची टिंबं मोजून नोंदवहीत लिहिणं हे त्याचं काम, आणि अर्धा तास बायकांना शांत ठेवणं ही वरची शिक्षा. चष्मा एवढा जाड, की अंधारातही लुकलुकतोय असं वाटायचं. दोघी त्याला चष्मेवाले म्हणायच्या. तोंडावर सर.

त्याला गप्पा येत नव्हत्या. त्याला फक्त अणू येत होता. म्हणून त्याने अणू सांगितला.

"फार जुन्या काळी," तो अंधारात घसा खाकरून सुरू झाला, "काही शहाण्या लोकांनी विचार केला, की एखादी वस्तू तोडत तोडत गेलं तर शेवटी काय उरेल? जे पुढे तुटत नाही ते. तो अणू."

"त्यांनी तोडून बघितलं?" मनीताईने विचारलं.

"नाही. नुसता विचार केला."

"बसून?"

"बसूनच असणार."

"म्हणजे आमच्यासारखंच," भिंगरी म्हणाली. "त्यांना पगार होता का?"

अशी ती शाळा सुरू झाली. रोज थोडं. डाल्टन नावाचा शाळामास्तर, त्याने म्हणे हवा तोलून-मापून दाखवलं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू वेगळ्या वजनाचे असतात आणि ठराविक हिशेबातच एकमेकांना जोडले जातात. अणू म्हणजे त्याच्या लेखी भरीव गोटी. त्या मास्तरांना रंग नीट ओळखता येत नसत, हे ऐकून मनीताई खूश झाली. "बघा, डोळ्याने अधू माणसाला जे दिसलं ते डोळेवाल्यांना नाही दिसलं." मग थॉमसन आला. त्याने गोटीतून इलेक्ट्रॉन बाहेर काढले, म्हणजे जे तुटत नाही म्हणत होते त्यातूनही तुकडा निघाला. मग अणू झाला कलिंगड, आणि इलेक्ट्रॉन त्याच्या बिया. आणि मग रदरफर्डच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ वर्खावर कण मारले, तर बहुतेक आरपार गेले आणि हजारोंतला एखादा चक्क माघारी उडाला.

"कलिंगडात दगड होता तर," मनीताई म्हणाली.

चष्मेवाले खूश झाले. "अगदी असंच. सगळा भार मधल्या एवढ्याशा गाभ्यात. गाभा वाटाण्याएवढा धरला आणि मोठ्या मैदानाच्या मधोमध ठेवला, तर अणूची कड मैदानाच्या कुंपणाला लागेल."

"आणि मधल्या जागेत काय असतं?"

"इलेक्ट्रॉन फिरतात. बाकी काही नाही."

"एवढी मोकळी जागा!" मनीताईने उसासा टाकला. "आणि आम्ही तिघं दोन खोल्यांत."

"मग भिंतीवर डोकं आपटलं तर लागतं कसं?" भिंगरीला शंका.

"कारण भिंतीचे इलेक्ट्रॉन तुमच्या इलेक्ट्रॉनांना मागे ढकलतात. आपटून बघू नका."

"आणि ते फिरून फिरून दमून मधे का पडत नाहीत?"

"हाच तर प्रश्न होता. बोर नावाचा एक शास्त्रज्ञ म्हणाला, ठराविक पायऱ्यांवरच राहायचं असतं त्यांना. अधेमधे उभं राहता येत नाही."

"का?"

"ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही," चष्मेवाले म्हणाले.

मनीताईला हे फार आवडलं. त्या तीन मजली इमारतीत ठाऊक नाही म्हणणारा माणूस तिने पहिल्यांदा बघितला होता. बघितला म्हणजे ऐकला. आणखी एक गोष्ट तिला त्याने सांगितली. त्या वर्खाच्या प्रयोगात ठिणग्या अशाच अंधारात बसून मोजल्या होत्या, आणि खुद्द रदरफर्ड दोन मिनिटं मोजून वैतागून उठला होता. घरी जाऊन तिने भावाला सांगितलं, "जगातला एवढा मोठा माणूस दोन मिनिटांत उठला. मी तासभर बसते." भाऊ पुठ्ठा कापता कापता म्हणाला, "ताई, मग तो मोठा माणूस कसा झाला, तूच का नाही झालीस?" वहिनीने त्याला पुठ्ठ्यानेच हाणला.

इथपर्यंत सगळं गोड. पुढे मोठे सर.

मोठे सर संस्थेचे प्रमुख. उंच, रुबाबदार, आवाज घुमणारा, आणि बायकांशी अदबीने बोलणारा माणूस. त्यांचं एक म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्यावर त्यांची खुर्ची, व्याख्यानं, परदेशातून येणारी पत्रं सगळं उभं होतं. दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी नायट्रोजनचा अणू फोडून दाखवला होता. त्यातून हायड्रोजनचा हलका कण उडाला होता. ते लोक म्हणत, काही अणू असे फुटतात आणि कार्बन, ऑक्सिजन मात्र फुटत नाहीत. मोठे सर म्हणत, सगळे फुटतात. बघणाऱ्यांना बघता येत नाही. आमच्याकडे चांगले डोळे आहेत.

म्हणजे हे दोन डोळे. मनीताईचे.

मधे अभ्रकाचे पापुद्रे ठेवायचे, त्यात रेडियमचे जड कण अडतात. कार्बनच्या अणूतून हलका कण उडाला असेल तर तेवढाच पार जाईल आणि पडद्यावर ठिणगी देईल. रोज सकाळी दाराच्या पडद्याबाहेरून मोठ्या सरांचा आवाज यायचा, "आज कार्बन लावलाय बरं का. आज भरपूर दिसतील." हा त्यांचा रिवाज होता. कसला डाव नव्हता त्यात. पाहुण्याला आज जेवायला काय आहे ते आधी सांगतात ना, तसं.

भिंगरी मोजायची, अठ्ठावीस. मनीताई मोजायची, तीन.

एका मिनिटाला तीन. कधी दोन, कधी चार. तेवढ्या तर काहीच न लावता कोऱ्या पडद्यावरही चमकतात, हे तिला पाठ झालं होतं. चार महिने तिने तीनच मोजले.

एक दिवस मोठे सर स्वतः आत आले.

"ताई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे सर."

"झोप नीट होते?"

"खाटेची भिंतीकडची बाजू आहे. होते."

"मग तुम्हाला दिसत का नाही? शेजारच्या मुलीला दिसतं."

"जेवढं आहे तेवढं दिसतं सर. ओरखडासुद्धा दिसतो."

"ओरखडा मोजायला नाही ठेवलेलं तुम्हाला," ते मऊ आवाजात म्हणाले. त्यांच्या मऊ आवाजाला सगळी संस्था घाबरायची. मग अंधारातच चष्मेवाल्यांना म्हणाले, "या चार महिन्यांच्या आकड्यांवर काट मारा. शेरा लिहा, निरीक्षक थकलेली."

आणि चष्मेवाल्यांनी लिहिलं. त्या दिवशी दिवा लागल्यावर मनीताईने पानं बघितली. एकेका आकड्यावर लाल रेघ, आणि समासात त्याच्या वळणदार अक्षरात तोच शेरा, सत्तावीस पानांवर सत्तावीस वेळा.

"सर, मी थकले होते?" तिने विचारलं.

"मला सांगितलं ते मी लिहिलं," तो नाक पुसत म्हणाला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"ताई, मला अजून इथे कायम केलेलं नाही."

म्हणजे उत्तर मिळालं. मनीताईचं त्या दिवसापासून एकच ठरलं. ती रेघ निघाली पाहिजे. पगार, नोकरी हे सगळं ठीक. पण जन्मभर ज्या डोळ्यांवर ती जगली ते थकलेले नव्हते, हे कुणीतरी त्याच वहीत लिहिलं पाहिजे. तिला दुसरं होतं काय? घर भावाचं, खाट वहिनीची. नजर तेवढी स्वतःची.

पण नोकरीही हवी होती. मोठ्या सरांनी तिला महिनाभराची मुदत दिली होती. तिने भिंगरीला विचारलं, "खरं सांग, तुला दिसतात का गं एवढ्या?"

"दिसतात ना! आईशप्पथ. तू फार ताठ बसतेस, ताई. थोडं पुढे वाकायचं, आणि आता येईल, आता येईल म्हणत राहायचं. मग येतात."

भिंगरी खोटं बोलत नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. तिला दिसत होत्या. आपल्याला नाही का, कुणी येणार म्हटलं की दारावर दहा वेळा थाप ऐकू येते?

मनीताई पुढे वाकली. आता येईल, आता येईल. पहिल्या आठवड्यात सहा. दुसऱ्या आठवड्यात अकरा. आणि एका सकाळी सतरा. पट्टीवर टिंबं पडली, मोठ्या सरांनी पडद्याबाहेरून "शाबास!" म्हटलं, आणि मनीताईला घाम फुटला. कारण तिला कळेना, की सतरा दिसल्या की सतरा हव्या होत्या. घरी येऊन तिने दिवा लावला आणि पुठ्ठ्यांच्या ढिगात पडलेली सुई पाच मिनिटं शोधली. सापडली. तरी तिचं समाधान झालं नाही.

"काय हो वन्सं, डोळे का चोळताय?"

"दिसतंय ते खरं आहे का बघत होते."

"मी तुमच्यासमोर उभी आहे, चिमटा काढून बघा," वहिनी म्हणाली. मनीताईने खरंच काढला. दोघी हसल्या, पण मनीताई लवकर थांबली.

असं दीड वर्ष गेलं. मोठ्या सरांचे निबंध छापून आले. आणि ज्या देशातले लोक कार्बन फुटत नाही म्हणत होते, तिथला एक पाहुणा संस्थेत आला. सडपातळ, अबोल, शिंकला तरी माफी मागणारा. तीन दिवस त्याने नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी चष्मेवाल्यांना दुभाषा करून त्याने एक साधी विनंती केली. मोजणाऱ्या बाया त्याच, खोली तीच, पडदा तोच. फक्त आज रेडियमपाशी तो स्वतः बसेल, आणि काय लावलंय ते कुणालाच सांगणार नाही. मोठे सर हसून म्हणाले, "खुशाल!" त्यांना भीती नव्हती. फसवणूक करत असते तर भीती असती.

अर्धा तास अंधारात गेला. त्या दिवशी कुणी अणू सांगितला नाही. मग घंटी वाजली.

पहिलं मिनिट. बाहेरून आवाज नाही. कार्बन नाही, भरपूर नाही, काही नाही. मनीताई भिंगाला डोळा लावून बसली, आणि आता येईल म्हणावं तर काय येईल तेच ठाऊक नाही. मग तिला फार दिवसांनी नुसतं दिसलं. एक. बऱ्याच वेळाने दुसरी. कोपऱ्यात तिसरी. घंटी. पुढच्या मिनिटाला दोन. मग चार. मग एका मिनिटाला एकदम रपरप, पन्नासच्या वर. पाहुण्याने अभ्रक काढून घेतलं होतं हे तिने ओळखलं. मग परत तीन. तिचा हात बटणावर हलका पडत होता, आणि अंधारात ती एकटीच हसत होती, दात दिसतील एवढी.

शेजारी भिंगरीची खुर्ची करकरायला लागली. सहाव्या मिनिटाला तिला राहवेना. ती रडवेल्या आवाजात ओरडली, "अहो, आज काय लावलंय ते सांगा ना! त्याशिवाय मोजू कसं?"

पडद्याच्या बाहेर मोठे सर उभे होते. त्यांनी ते ऐकलं. पाहुण्याने ऐकलं, चष्मेवाल्यांनी ऐकलं. एका पोरीने सगळ्या संस्थेचं दोन वर्षांचं काम एका वाक्यात सांगून टाकलं होतं, आणि तिला बिचारीला वाटत होतं की आपलं काहीतरी चुकलं.

दिवा लागला. पट्टी वाचली. कार्बन असताना तीन, कार्बन काढल्यावर तीन. मनीताईची पट्टी तर जुन्या काट मारलेल्या पानांची नक्कल वाटत होती. भिंगरीची पट्टी सैरावैरा. काही नसताना वीस, अभ्रक काढलं तेव्हा बारा.

मोठे सर आणि पाहुणा वरच्या खोलीत गेले. दोन तास दार बंद. मनीताई जिन्यात बसून राहिली. तिला वाटत होतं, आता बोलावतील. वही मागवतील. लाल रेघेवर दुसरी रेघ मारतील, आणि समासात लिहितील. काय लिहावं तेही तिने ठरवलं होतं. मोठं काही नको. निरीक्षक बरोबर होती, एवढंच.

दार उघडलं तेव्हा दोघे हातात हात घालून बाहेर आले. दोघे सभ्य गृहस्थ. ठरलं असं, की यातलं एक अक्षर बाहेर छापायचं नाही. मोठे सर कार्बनबद्दल इथून पुढे काही लिहिणार नाहीत, पाहुणा झालेल्याबद्दल काही लिहिणार नाही. कुणाची अब्रू जायला नको. विज्ञान पुढे जात राहील.

मनीताईने जिन्यातच चष्मेवाल्यांना गाठलं. "त्यांना सांगा, माझी जुनी पानं बघा म्हणावं."

चष्मेवाल्यांनी सांगितलं. निदान सांगितल्यासारखं केलं. पाहुणा थांबला, टोपी काढली, काहीतरी बोलला.

"ते म्हणतात, तुमची नजर फार उत्तम आहे."

"मग लिहून द्या म्हणावं."

परत बोलणं. पाहुणा ओशाळं हसला.

"ते म्हणतात, दुसऱ्याच्या नोंदवहीत लिहिणं शिष्टाचाराला धरून नाही."

"मग तुम्ही लिहा. अक्षर तुमचंच आहे. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, सर. ठाऊक नाही असं तुम्ही कधी म्हणालात तर ते फक्त इलेक्ट्रॉनबद्दल."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघायला बरं पडत असावं. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस नुसता धूसर ठिपका दिसायचा. "ताई," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत."

"अभिनंदन," मनीताई म्हणाली.

दोन महिन्यांनी संस्थेत एक पेटी आली. विजेवर चालणारी. कण आत शिरला की टक्‌ असा आवाज करायची आणि आकडा आपोआप पुढे सरकायचा. तळघराच्या भिंतींना पांढरा रंग दिला. भिंगरीला आणि मनीताईला सांगितलं की आता काळ बदललाय. तेवढंच सांगून थांबले असते तर बरं होतं. पण संस्थेत कुजबुज चालूच होती, आणि कुजबुजीला कुणावर तरी टेकायला लागतं. दोन वर्षांचे आकडे का चुकले? बायका मोजत होत्या ना. बायकांची नजर हो. सांगाल ते बघतात. हे बोलणारे कोण, तर दोन वर्षं सांगणारे. भिंगरीला हे कळलं तेव्हा ती तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी ती एका टोप्यांच्या दुकानात कामाला लागली आणि नंतर कधी त्या रस्त्याने आली नाही.

मनीताई शेवटच्या दिवशी मोठ्या सरांच्या खोलीत गेली. टेबल स्वच्छ, फुलदाणी, खिडकीतून भरपूर ऊन. ती डोळे मिचमिचत उभी राहिली.

"बसा ताई."

"उभी बरी आहे. वहीतला शेरा काढायचा होता."

"वह्या बांधून कपाटात गेल्या. आता कोण उघडणार आहे?"

"कुणी उघडणार नाही तर काढायला हरकत काय?"

मोठे सर खरंच विचारात पडले. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर वाईट. "असं बघा," ते मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या आकड्यांवरची काट काढली, तर बाकीच्यांवर मारावी लागेल. आणि बाकीचे छापून झालेत. त्यापेक्षा मी तुम्हाला शिफारसपत्र देतो. चांगलं देतो. भिंगाच्या कारखान्यात माल तपासायला माणसं हवीत असं ऐकलं. फक्त इथल्या गोष्टी तिथे नकोत."

मनीताईने पत्र वाचलं. बाईंची नजर तीक्ष्ण आहे. त्या नियमित आहेत. दिलेल्या सूचना तंतोतंत पाळतात.

ते फाडून त्यांच्या फुलदाणीत टाकावं असं तिला वाटलं. वहिनीने नंतर विचारलंच, "मग टाकलं का नाही?" टाकलं नाही, कारण भावाला त्या हिवाळ्यात काम कमी होतं. पत्राची घडी करून तिने पिशवीत ठेवली आणि "आभारी आहे" असंही म्हणाली. त्या आभारी आहे बद्दल ती स्वतःला पुढे बरीच वर्षं टोचत राहिली.

भिंगाच्या कारखान्यातला मुकादम जाडजूड, घाईतला माणूस. त्याने पत्र वाचलं, आणि नेमकं शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे बेस. हुशार माणसं फार येतात, सूचना पाळणारी मिळत नाहीत." तिला खिडकीजवळ स्टूल दिलं. समोर भिंगांचा ट्रे, शंभर भिंगं. आत बुडबुडा असेल तर डावीकडे, स्वच्छ असेल तर उजवीकडे. तिने पहिलं भिंग उचललं आणि उजेडात धरलं. कडेपाशी बुडबुडा होता, मोहरीच्या निम्म्याहून लहान. दुसऱ्यातही होता. दहा भिंगं बघितली, त्यांतली सात डावीकडे गेली. मुकादम येऊन डावीकडच्या ढिगाकडे बघत उभा राहिला. मग त्याने घसा खाकरला.

मनीताईने अकरावं भिंग हातात घेतलं, पण उजेडात धरलं नाही. तोंड वर करून अगदी अदबीने तिने त्याला विचारलं, "मुकादम, चांगली किती निघायला हवीत?"

"नव्वद," तो म्हणाला.

त्या दिवशी नव्वद निघाली. दुसऱ्या दिवशीही नव्वद. एकोणीस वर्षं तिने तिथे काम केलं, आणि तिच्या ट्रेबद्दल कुणाची कधी तक्रार आली नाही.